बोथट खुंट

भांडण ऐकायला म्हणून ती गेलीच नव्हती. ती गेली होती ढलप्या वेचायला. बाप सुतार, त्यामुळे आमच्याकडे शिजवायला कधीमधी कमी पडतं पण जाळायला कधीच नाही, असं तिची आई म्हणायची. कामाच्या छपरीमागं फळ्यांची चळत होती, तिच्याआड बसून ती दहा-बारा वर्षांची पोर ओटीत ढलप्या भरत होती. पलीकडे दोघे भाऊ एकमेकांना शब्दानं सोलत होते.

हे दोघे म्हणजे नदीकाठच्या शेताचे थोरला आणि धाकटा. बाप गेल्यावर शेताचे दोन भाग झाले आणि मधोमध बांध पडला. त्या सालापासून सरकारनं सूर्यफूल पेरणाऱ्याला अनुदान सुरू केलं होतं. जेवढी जागा पेरली तेवढे पैसे. जागा किती ते ठरायचं खुंटांवर. शेताच्या कोपऱ्या-कोपऱ्यात लाकडी खुंट ठोकायचा, शेतकी कचेरीचा साहेब खुंटापासून खुंटापर्यंत चालायचा, आणि आतलं ते तुझं. दोघे भाऊ खुंट न्यायलाच आले होते. सुतार सुतळी आणायला घरात गेला होता.

"मधला खुंट मी ठोकणार," थोरला म्हणाला. "कुठं ते मला ठाऊक आहे."

"ठाऊक असणारच. दर साली तुझा बांध चालत चालत माझ्या शेतात येतो. पाय फुटलेत त्याला."

"तोंड सांभाळ."

"तोंडच सांभाळत आलो, म्हणून तर विहिरीपर्यंत आलास. आता काय चुलीपर्यंत येतोस?"

"ती पट्टी बापानं मला दिली होती."

"बाप बेशुद्ध होता, दादा. त्यानं बेशुद्धीत दिली आणि तू मात्र चांगला शुद्धीत घेतलीस!"

असं म्हणून धाकटा हसला. हसला नसता तर कदाचित शिव्यांवरच भागलं असतं. थोरल्यानं ढिगातला एक खुंट उचलला. नुकताच तासलेला, टोक असं की नुसतं बोट लावावं आणि रक्त यावं. तो त्यानं भावाच्या बरगडीखाली घातला, भुसभुशीत जमिनीत घालावा तसा. "घे," म्हणाला, "हा तुझा बांध."

धाकट्यानं खाली बघितलं. कुणाची तरी वस्तू चुकून आपल्याकडे राहिली असावी तसं त्याचं तोंड झालं. मग दोन्ही हातांनी त्यानं खुंट उपटून काढला. तोच काढायला नको होता. रक्त भुशावर सांडलं, भुसा ते पीत राहिला, आणि तो माणूस गुडघ्यांवर बसून मग हळूच कुशीवर कलंडला.

सुतार सुतळी घेऊन आला तेव्हा थोरला फळ्यांच्या चळतीकडे बघत होता. फटीतून परकराचा काठ दिसत होता.

"तुझ्या पोरीनं काय बघितलं रे?"

सुतारानं पोरीला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि अशी एक ठेवून दिली की ओटीतल्या ढलप्या सगळ्या उधळल्या. "काय बघितलंस?"

"धाकट्या काकांना..."

दुसरी बसली. "काय बघितलंस?"

"पडले."

"कशावर?"

"खुंटावर."

"शहाणी गं माझी," बाप म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःच रडायला लागला. त्यानं तिच्यावर हात उचलला तो पहिला आणि शेवटचा. रक्ताचा भुसा त्यानं गोळा करून पेटवला. ओला होता, पेटेना. दिवसभर धुमसत राहिला आणि सगळ्या आळीला खोकला लागला.

आता कुणी म्हणेल, एवढं मोठं गाव, एवढी माणसं, कुणी फौजदाराकडे गेलं कसं नाही? तर त्याचं कारण अनुदानात होतं. कचेरीचा नियम असा की ज्या बांधावर वाद आहे, त्या बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शेतांना छदाम मिळायचा नाही. वाद मिटेपर्यंत बंद. आणि वाद म्हणजे नुसती तक्रार नव्हे. बांधावरून मारामारी झाल्याचं दवाखान्यातल्या कागदावर आलं तरी तो वादच. एकदा का शेत वादात गेलं की ते बाहेर काढता काढता माणूस म्हातारा होतो. धाकट्याची बायको त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेली. तिच्या पोटात सातव्या महिन्याचं मूल होतं, घरात धान्य नव्हतं आणि शेतात सूर्यफूल गुडघ्याला लागलं होतं. कंपाउंडरनं विचारलं, "हे कसं झालं, बाई?" तिनं नवऱ्याकडे बघितलं, पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "पडले."

त्या रात्री तो गेला. त्या साली दोन्ही शेतांना अनुदान मिळालं.

तेव्हापासून त्या मुलखात माणसं पडायला लागली. दुसरीकडे मारामाऱ्या होतात, इथं नुसते पडतात. कुणी गाडीवरून पडायचं आणि त्याच्या पाठीवर चाबकाचे वळ उठायचे. कुणी पायरीवरून पडायचं आणि त्याच्या दंडावर दातांच्या खुणा असायच्या. एका बाईची जाऊ तिच्या कानाचा तुकडा तोडून थुंकली, तर ती बाईही म्हणाली, पडले. "कानावर?" कंपाउंडरनं विचारलं. "हो, कानावरच," ती म्हणाली. कंपाउंडर बिचारा टाके घालता घालता म्हणायचा, "तुमच्या गावची जमीन सपाट करून घ्या रे बाबांनो, फार उतार दिसतोय."

सुतारानं मात्र त्या दिवसापासून खुंटाला टोक काढलं नाही. खालचं तोंड तो सपाट कापायचा, पाट्यासारखं. लोक चिडले. "अरे, असला बोथट खुंट जमिनीत जायचा कसा?" तो म्हणायचा, "जमिनीत जाईल कष्टानं. माणसात जायचा नाही." मग त्यासाठी आधी पहारीनं भोक पाडायचं आणि वरून जड मोगरीनं ठोकायचं, अशी रीत पडली. ते काम येरागबाळ्याचं नव्हतं. सुतार स्वतःच जायचा ठोकायला.

पोर मोठी झाली, आडव्या हाडाची, रुंद मनगटांची. तिला लांबच्या गावी दिली. नवरा शेतकरी, दिसायला बरा, रागाला वाईट. अनुदान यायला उशीर झाला की कमरेचा पट्टा निघायचा. वेळेवर आलं की दारू यायची आणि मग पट्टा निघायचा. म्हणजे सरकार वेळेवर असो की उशिरा, पट्टा आपला वेळेवर. दोन वर्षं तिनं पाठ दिली. तिसऱ्या वर्षी ती धुणं धूत असताना त्यानं मागून केस धरले, आणि तिच्या हातात कपडे बडवायची मोगरी होती. त्याच्या खांद्याचं हाड असं मोडलं की तो हात पुन्हा कधी कानाच्या वर गेला नाही. दवाखान्यात तो काय म्हणाला ते सांगायला नको. बायकोनं मारलं म्हणण्यापेक्षा पडलो म्हणणं पुरुषाला कधीही स्वस्त.

ती ओल्या कपड्यांनिशी माहेरी आली. हातात तेवढी मोगरी.

"भांडी-कुंडी काही आणलं नाहीस?" भावजयीनं विचारलं.

"आणलं की. हे काय!"

भावाची पोरं तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळं गाव आत्या म्हणायला लागलं. बाप थकला होता, भावाच्या पाठीला उसण भरलेली. खुंट ठोकायला कुणीतरी हवं होतं. तिनं बापाची जड मोगरी उचलून बघितली, एकदा हवेत फिरवली आणि म्हणाली, "ही बरी आहे. नवऱ्याला हलकी पडली होती ती." झालं. ती ठोकआत्या झाली.

पहिल्याच हंगामात तिला कळलं की बोथट खुंट काढला म्हणून माणसं बोथट होत नाहीत. खुंट ठोकताना दोन्ही शेजारी समोरासमोर उभे राहायचे, आणि खुंट अर्धा आत जाईपर्यंत एकाचं डोकं फुटलेलं असायचं. मग तिनं स्वतःची रीत काढली. दोन्ही बाजूंच्या मालकांनी खुंट एकेका हातानं धरायचा, वरच्या टोकाशी, जिथं मोगरी पडते त्याच्या वीतभर खाली. आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा कान धरायचा.

"कान कशाला?" पहिल्यांदा ज्याला सांगितलं तो म्हणाला. "मी काय शाळेत आहे?"

"हात खुंटावर असला म्हणजे कोयत्यावर नसतो. आणि दुसरा कानावर असला म्हणजे खिशात नसतो. धरतोस का जाऊ?"

ती गेली तर खुंट नाही, खुंट नाही तर साहेब नाही, साहेब नाही तर अनुदान नाही. धरला त्यानं. आणि मग मिशा पिळणारे, पोटं सुटलेले, गावात दबदबा असलेले बापये दर हंगामाला आपापल्या बांधावर कान धरून वाकायला लागले. बायका लांबून बघायच्या आणि पदरात हसायच्या. ज्यानं कान सोडला, त्याच्याकडे बघून मोगरी हवेतच थांबायची. आत्या एवढंच म्हणायची, "कान." मोगरी डोक्यावर असताना सहसा कुणी वाद घालत नाही. खुंट बसला की दोघांनी आपापल्या रंगाची चिंधी त्याला बांधायची, म्हणजे साहेबाला कळायचं की दोघांना मान्य आहे.

मारामाऱ्या थांबल्या असं नाही. पण बांधावरच्या थांबल्या. लोक आता घरी जाऊन पडायचे.

धाकट्याच्या मागं झालेला मुलगा या सगळ्यात वाढला. त्याला सगळे मुंगळा म्हणायचे, कारण ज्या गोष्टीला चिकटला ती सोडायचा नाही. आई रोजंदारीवर जायची तेव्हा तो सुताराच्या छपरीत बसायचा. आत्यानं त्याला करवत धरायला शिकवलं, जेवायला वाढलं, तापात उशाशी बसली. त्याला मिसरूड फुटली तेव्हा एक दिवस रंधा मारता मारता त्यानं विचारलं, "आत्या, माझा बाप कसा गेला गं?"

"खुंटावर पडला, बाळा."

"उभ्या खुंटावर की आडव्या?"

आत्यानं रंध्यातला भुसा फुंकून काढला. बराच वेळ फुंकत राहिली.

"आडव्या खुंटावर पडून पोटात भोक पडत नाही," मुंगळा म्हणाला. "आणि उभा खुंट छपरीत कोण ठेवतं? गावातल्या एकेकाला विचारून झालं. सगळे म्हणतात, आम्ही नव्हतो. तू होतीस. तू सांग. एका माणसानं म्हणावं की मारला, बस्स. मला दुसरं काही नको."

त्याच संध्याकाळी त्याची आई आत्याकडे आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "पोरगं विचारायला आलं होतं?"

"आलं होतं."

"मी दवाखान्यात 'ते पडले' म्हणाले. नवऱ्याच्या रक्ताचे हात घेऊन अनुदान घेतलं आणि ह्याला मोठं केलं. तू आता मारला म्हणालीस तर मी कोण ठरते? मी जिवंत आहे तोवर पडलेच म्हण. मला पोरासमोर खोटी पाडू नकोस."

"आणि पोराचं काय?"

"पोर माझं आहे," ती म्हणाली. आत्यानं होकाराची मान हलवली आणि दोघी मिळून चहा प्यायल्या.

मुंगळा त्यानंतर छपरीत यायचा बंद झाला. आत्याला वाटायचं, हा आता तोंडानं विचारायचा नाही, हातानं विचारेल. आणि विचारणार कुणाला? थोरला तोवर अर्धांगानं अंथरूण धरून बसला होता. त्याचा मुलगा होता शेत बघायला, मानेनं जाड, बोलण्यानं जाड, त्याला लोक रेडा म्हणत. बापाचं पाप पोराच्या डोक्यावर फुटतं हे आत्यानं फार ठिकाणी बघितलं होतं, बहुधा कुदळीनं. मुंगळा रेड्याला मारणार आणि स्वतः फासावर जाणार, या एका भीतीनं तिला त्या वर्षी झोप लागेना.

खुंट ठोकायचा दिवस आला. नदीकाठच्या शेतावर साहेब छत्री घेऊन उभा. मुंगळा एका बाजूला, रेडा दुसऱ्या बाजूला. आत्यानं पहारीनं भोक पाडलं, बोथट खुंट उभा केला. "हात लावा. कान धरा."

दोघांनी खुंट धरला, कान धरले. तिनं एक घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्यासाठी मोगरी वर गेली आणि मुंगळ्यानं कान सोडला. त्याचा हात सरळ कमरेला गेला.

"कान!" ती ओरडली. तो हात थांबला नाही.

तिला फळ्यांची चळत दिसली, भुसा दिसला. तिनं विचार केला नाही. मोगरी खुंटावर पडायची ती वीतभर खाली पडली, खुंट धरलेल्या मुंगळ्याच्या हातावर. ओली ढलपी मोडावी तसा आवाज झाला. मुंगळा किंचाळला नाही. त्याचं तोंड नुसतं उघडं राहिलं. आणि कमरेला गेलेल्या हातातून जे खाली पडलं तो कोयता नव्हता, सुरी नव्हती. लाल चिंधी होती. खुंटाला बांधायची. गडी जरा घाई करून गेला होता, दुसरं काही नाही.

आत्या त्या चिंधीकडे बघतच राहिली. तेवढ्यात रेड्यानं कान सोडला. बरीच वर्षं तोही वाट बघत होता आणि घाबरत होता. घाबरलेला माणूस घरून निघताना रिकामा निघत नाही. त्यानं पाठीमागून कोयता काढला आणि हात मोडलेल्या भावाच्या मानेवर उगारला. "आज तुझा हिशोब करतोच..."

मोगरी आडवी फिरली. रेड्याचा गुडघा उलट्या बाजूला वाकला. कोयता मुंगळ्याचा खांदा फाडून मातीत रुतला, आणि रेडा त्याच्यावरच कोसळला. दोघे एकमेकांच्या अंगावर पडून गुरांसारखे ओरडत होते. मुंगळ्याच्या खांद्याचं रक्त रेड्याच्या तोंडात जात होतं आणि तो ते थुंकत होता.

साहेबाची छत्री केव्हाच उडून गेली होती. "अरे, हे काय चाललंय? वाद आहे का या बांधावर? मला लिहावं लागेल!"

मातीतून रेडा म्हणाला, "वाद? कसला वाद? पडलो, साहेब."

"आणि हा?"

मुंगळ्यानं दात आवळले. त्याच्या हाताची बोटं वेगवेगळ्या गावांना निघाल्यासारखी दिसत होती. तो आत्याकडे बघत होता. "मीही पडलो."

"दोघेही? कोरड्या सपाट जमिनीवर?"

"कोरडी जमीन फार वाईट, साहेब," रेडा म्हणाला. "ओल्यात माणूस जपून तरी चालतो."

"आणि तो कोयता?"

"तोही पडला."

साहेबानं आत्याकडे बघितलं. तिनं मोगरी उचलली, खुंट एका हातानं सरळ केला आणि उरलेले घाव एकटीनं घातले. मग लाल चिंधी उचलली, झटकली आणि मुंगळ्याच्या बाजूनं खुंटाला बांधली. रेड्याची पिवळी त्याच्या खिशातून काढून तीही बांधली. साहेब खुंटापासून खुंटापर्यंत चालला, जरा भरभर चालला. त्या सालीही दोन्ही शेतांना अनुदान मिळालं.

मुंगळ्याची आई दुसऱ्या दिवशी आली. यावेळी उंबऱ्याच्या आत आली आणि आत्याच्या कानशिलात वाजवली. आत्या हलली नाही. त्या बाईचा हात हलका होता, पण आत्या पुढं भावजयीला म्हणाली, बापाच्या दोन, नवऱ्याचा पट्टा, सगळं विसरले. ही एकच लागली. मग ती बाई माठाशी जाऊन स्वतःच पाणी घेऊन प्यायली आणि म्हणाली, "तीन बोटं वळत नाहीत म्हणतोय डॉक्टर."

"माझं चुकलं."

"चुकलंच," ती म्हणाली. "पण मला दिलेला शब्द राहू दे."

रेडा कायमचा काठीवर आला. मुंगळा डाव्या हातानं नांगर धरायला शिकला. आत्याशी तो बोलायचा बंद झाला तो झालाच. पण दर हंगामाला, मधला खुंट ठोकताना, तो धडधाकट हातानं कान धरायचा आणि मोडका हात मुद्दाम खुंटावर ठेवायचा. वाकडी बोटं बरोबर मोगरीखाली. मार, असं म्हटल्यासारखी. गावातले लोक म्हणायचे, काय हा सूड! शिवी नाही, शाप नाही, नुसता हात ठेवतो. आत्या त्या बोटांकडे बघत घाव घालायची. बाकीच्या बांधांवर तिचा खुंट चार-पाच घावांत बसायचा. त्या एका बांधावर ती हळू हळू, जपून, टिचक्या माराव्या तशी ठोकायची आणि घामाघूम व्हायची.

अशी वर्षं गेली. थोरला अंथरुणातच मेला, पोटभर जेवून, ताटावरून उठवून निजवल्यावर. न्याय बघायचा असेल तर दुसरीकडे बघा. भाऊ गेला, भावजय गेली. आत्याची पाठ वाकली, मोगरी उचलताना छातीत कळ यायला लागली. डॉक्टरनं जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी उचलत नाही, डॉक्टर. मी नुसती टाकते."

मग हिवाळ्यात मुंगळ्याची आई गेली. आत्या तिच्या दारी गेली, पायांना हात लावून आली. मुंगळा समोर होता, त्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

त्याच वर्षी शेतकी कचेरीत नवी मॅडम आली, तरुण, हातात फोन. तिनं गावाला सांगितलं, पुढच्या हंगामापासून खुंट नकोत. वरून यंत्र बघणार, कुणी किती पेरलं ते आभाळातून कळणार.

"आभाळातून कान धरलेले दिसतात का गं?" आत्यानं विचारलं.

"कसले कान, आजी?"

"काही नाही. बघ तू तुझं यंत्र."

शेवटच्या खुंटांचा हंगाम. आत्या सकाळीच निघाली. खांद्यावर मोगरी, हातात पहार, डोक्यावर खुंटांचा भारा, तिघांचं ओझं एकटी घेऊन. भाच्याची सून मागून ओरडली, "आत्या, न्याहारी तरी करा!" "आल्यावर करते." ती बांधामागून बांध करत गेली, जागोजाग छातीला हात लावून थांबत. नदीकाठचा बांध तिनं शेवटी ठेवला. तिथं पोचली तेव्हा रेडा काठीवर रेलून उभा, पांढरे केस. मुंगळाही तसाच. मॅडम फोनवर काहीतरी बघत उभी.

आत्यानं भोक पाडलं. खुंट उभा केला. "हात लावा. कान धरा."

रेड्यानं काठी काखेत घेतली, खुंट धरला, कान धरला. मुंगळ्यानं वाकडी बोटं मोगरीखाली ठेवली.

तिनं मोगरी उचललीच नाही. जमिनीवर टेकवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"मुंगळ्या," ती म्हणाली, "तुझा बाप पडला नव्हता. त्याला मारला. ह्याच्या बापानं मारला, आमच्या छपरीत, खुंट खुपसून. मी फळ्यांच्या मागं होते. मी बघितलं."

रेड्याच्या तोंडचा रंग उडाला. पण खुंटावरचा हात त्यानं काढला नाही.

मॅडमनं फोन खाली केला. "आजी, काय म्हणालात? म्हणजे या बांधावर वाद आहे? तसं असेल तर मला दोघांचंही अनुदान थांबवावं लागेल. यंत्र असो नसो, नियम तोच आहे. वाद आहे का? तुम्ही सांगा," ती मुंगळ्याला म्हणाली.

मुंगळा आत्याकडे बघत होता. ज्या तोंडातून ते ऐकायचं होतं त्या तोंडाकडे. त्याचा कान धरलेला हात सुटला आणि कमरेकडे गेला. आत्यानं तो बघितला. मोगरी जागची हलली नाही. हातानं लाल चिंधी काढली, त्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि ती पुन्हा खोचली.

"ओरडून म्हण," तो म्हणाला. इतक्या वर्षांतला तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

"मारला!" आत्या ओरडली. नदीपलीकडच्या शेतातल्या माणसांनी माना वर केल्या. "मारला! पडला नाही, मारला!"

रेडा खाली बघत हळूच म्हणाला, "मारला. आम्हाला घरात माहीत होतं."

मॅडमनं पुन्हा विचारलं, "मग वाद आहे असं लिहू?"

"वाद कसला?" मुंगळा म्हणाला. "मिटला. तुमच्या फोनला सांगा, वाद नाही. काय रे रेड्या?"

"नाही," रेडा म्हणाला.

मुंगळ्यानं वाकडा हात खुंटावरून काढला. त्या जागी धडधाकट हात ठेवला, आणि वाकड्या बोटांनी, जमेल तसा, कान चिमटीत पकडला. "ठोक, आत्या. न्याहारी राहिली असेल तुझी."

"आधी चिंधी नीट खोच. त्या खेपेसारखी घाई नको."

तिनं मोगरी उचलली. छातीत कळ आली, ती जाईपर्यंत मोगरी डोक्यावरच धरून थांबली. मग घातला घाव. जपून नाही, टिचक्या नाहीत. इतर बांधांवर घालायची तसा, चांगला वाजवून. बोथट खुंट एकेका घावानं खाली जात राहिला. अर्ध्यात रेड्याच्या नाकावर माशी बसली आणि त्याचा हात कानावरून उचलला गेला.

"कान," आत्या म्हणाली.

त्यानं पुन्हा धरला.